‘पळून जाईल’ एवढं म्हणून भागत नाही. जामिनाला विरोध कोर्टात कशावर टिकतो?

मांजरी : आरोपीला जामीन झाला अशी बातमी आली की गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, आता हा परत सापडणार का? फिर्यादीच्या पोटात गोळा येतो तो याच कारणानं. पैसे गेलेत, तारखा चालू आहेत आणि गडी बाहेर.

भीती खोटी नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कोथरूडला गोळीबार झाला, नीलेश घायवळच्या टोळीचं नाव आलं. पोलिस त्याला शोधायला लागले तेव्हा तो देशाबाहेर गेल्याचं समोर आलं. आडनावाचं स्पेलिंग बदलून, अहिल्यानगरचा पत्ता देऊन पासपोर्ट काढल्याचा आरोप त्याच्यावर आहे. तो अजून सिद्ध व्हायचाय. पण ज्याच्यावर आधीच गुन्हे होते त्याच्या हाती पासपोर्ट गेला कसा, हे पुणेकरांनी विचारलं आणि विचारायलाच पाहिजे होतं.

तरीही ‘पळून जाईल साहेब’ एवढं सांगून कोर्ट जामीन नाकारत नाही. जामिनाच्या वेळी कोर्ट मुख्यतः तीन गोष्टी बघतं : आरोपी पळेल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा नष्ट करेल का. यातली पहिली गोष्ट दाखवायला त्या माणसाबद्दलचीच ठोस माहिती लागते. पी. चिदंबरम यांच्या 2019 च्या प्रकरणात सरकारी बाजूचा एक मुद्दा होता की मोठे आर्थिक आरोपी देश सोडून पळालेत. सुप्रीम कोर्टानं तो मानला नाही. दुसरे पळाले म्हणून हाही पळेल असं धरता येत नाही, ज्याचं त्याचं प्रकरण वेगळं बघायचं, असं सांगून त्यांना सीबीआयच्या गुन्ह्यात जामीन दिला.

मग विरोध टिकतो कुठे? याचं चांगलं उदाहरण लंडनचं आहे, पण माणूस आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही माहीत असलेला. नीरव मोदी. कर्जत तालुक्यातल्या खंडाळ्यात त्याच्या कंपनीनं जमीन घेतली होती आणि मार्च 2018 मध्ये तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन त्या जमिनीत उतरले होते. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या शाखेतून खोट्या हमीपत्रांवर हजारो कोटी उचलल्याचा आरोप त्याच्यावर. 1 जानेवारी 2018 ला त्यानं देश सोडला, गुन्हा दाखल झाला त्याच महिन्याच्या अखेरीला. म्हणजे पोलिस जागे व्हायच्या आधीच विमान गेलं होतं.

19 मार्च 2019 ला तो लंडनमध्ये एका बँकेत खातं उघडायला गेला आणि पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी जामीन अर्ज. पाच लाख पाउंड अनामत भरायची तयारी. नाकारला. पुढे रक्कम वीस लाख पाउंडांवर गेली, घरातच चोवीस तास कोंडून राहतो असंही सांगून झालं. नाकारला. नोव्हेंबर 2019 मध्ये चाळीस लाख पाउंड. तरी नाही.

भारताच्या बाजूनं तिथल्या सरकारी वकिलांनी नुसता घोटाळ्याचा आकडा पुढे केला नाही. भारतानं पासपोर्ट रद्द केल्यावरही त्याचा प्रवास चालू होता. प्रशांत महासागरातल्या वानुआतू नावाच्या छोट्या बेटांच्या देशाचं नागरिकत्व मिळवायचा प्रयत्न त्यानं करून ठेवला होता. साक्षीदाराला धमकावल्याचा आणि पुरावा नष्ट केल्याचा मुद्दाही होता. पळायला पैसा आहे, जायला जागा शोधलेली आहे, आणि आधीचं वागणं तसंच आहे. जून 2019 मध्ये लंडनच्या हायकोर्टानंही हेच धरलं. मे 2025 मध्ये, तुरुंगात सहा वर्षं काढल्यावरही त्याचा अर्ज तिथे फेटाळला गेला. अशा माणसाला जामीन नकोच, आणि अनामतीची रक्कम वाढवून हा धोका कमी होत नाही. ज्याच्याकडे भरपूर आहे तो थोडं सोडून जातो.

आपल्याकडे हजर न राहण्याची शिक्षा बघा. जामिनावर सुटून तारखेला आला नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली जास्तीत जास्त एक वर्ष. शिवाय जातमुचलका जप्त आणि जामीनदाराच्या मागे वसुली. करोडोंच्या आरोपीला याची काय भीती? अडकतो तो ओळखीखातर सातबारा लावणारा जामीनदार.

मांजरीसारख्या ठिकाणी तर ही गोष्ट उलटीच दिसते. मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं, जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले, आणि खोल्या-चाळींत मराठवाड्यातून, उत्तरेतून आलेली माणसं राहायला आली. कोर्टात ‘स्थानिक रहिवासी, स्वतःची जमीन, घरदार इथेच’ हे पळून न जाण्याचं लक्षण मानलं जातं. भाड्याच्या खोलीतला मजूर यात बसत नाही. त्याच्याकडे जामीनदार नसतो, विमानाचं तिकीट तर लांबच. जमीन आणि व्हिसा दोन्ही असलेला मात्र कागदावर एकदम स्थिर दिसतो.

ही जुनी अडचण आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गवंड्याला सुप्रीम कोर्टानं जामीन दिला होता, पण खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते चूक ठरवलं आणि त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. म्हणून पत्ता लांबचा आहे एवढ्यावर कुणाला येरवड्यात ठेवा म्हणणं बरोबर नाही.

फिर्यादीच्या हातात काय आहे? बरंच आहे. लखीमपूर खेरी प्रकरणात एप्रिल 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पीडितांना जामिनाच्या सुनावणीतही म्हणणं मांडायचा हक्क आहे. तेव्हा तारखेच्या आधी तपास अधिकारी आणि सरकारी वकिलांना गाठून लेखी द्यावं : आरोपीचा पासपोर्ट कुठे आहे, परदेशात कोण नातेवाईक आहे, गुन्ह्यानंतर जमीन-फ्लॅट विकायला काढलेत का, आधी कोणत्या केसमध्ये गैरहजर राहून वॉरंट निघालं होतं का. गाव लहान असलं की ही माहिती पोलिसांआधी शेजाऱ्याला असते. जामीन झालाच, तर पासपोर्ट जमा करणं आणि परवानगीशिवाय देश न सोडणं या अटी मागाव्यात. अट मोडली तर जामीन रद्द करण्यासाठी सेशन किंवा हायकोर्टात अर्ज करता येतो. आणि पासपोर्ट जमा करायची अट घातली असेल, तर तो खरंच जमा झालाय का हे पुढच्या तारखेला विचारावं.