सातबारा नाही, तरी लाखाचा माल उधार

थंडी सुरू झाली की आमच्या ट्रेनिंग बॅचमध्ये एक तक्रार हमखास येते. रेडिमेडवाला कोणीतरी उठतो अन् म्हणतो, "सर, हे तिबेटी स्वेटरवाले तीन महिने येतात आणि वर्षभराचं गिऱ्हाईक ओढून नेतात. बाहेरच्या लोकांना मैदान देतातच कशाला?" बाकीचे माना डोलावतात. माझं मत वेगळं आहे. व्हिडिओत ते दोन मिनिटांत उरकावं लागलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी "बाहेरचे" म्हणजे किती बाहेरचे ते बघू. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो तिबेटी कुटुंबं आली. त्यातली काही आपल्या विदर्भातच वसवली गेली. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची त्यांची वसाहत आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. वसाहत १९७२ ची आहे, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीची. बर्फाच्या पठारावरची माणसं आपल्या मे महिन्यात, धानाच्या बांधावर कशी तगली असतील, ते तुम्हीच इमॅजिन करा. आपण इथले असून एप्रिलपासून कूलरसमोरून हलत नाही.

पन्नास वर्षं होऊन गेली, तरी कागदावर यातले बरेच जण परदेशीच आहेत. त्यांच्याकडे परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र असतं आणि ते मुदत संपली की पुन्हा करून घ्यावं लागतं. वसाहतीची जमीन सरकारने दिलेली, ती विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. कायद्याने पाहिलं तर २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे, तिबेटी असला तरी. पण नागरिकत्व घेतलं तर तिबेटवरचा हक्क सोडल्यासारखं होईल, असं जुन्या लोकांपैकी अनेकांना वाटतं. २०१४ मध्ये केंद्र सरकारने तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. व्यवसायाचे परवाने द्या, योजनांचा लाभ द्या, असं त्यात राज्यांना सांगितलं आहे. तरी प्रत्येक टेबलावर "हा कागद कसला?" हा प्रश्न यायचा तो येतोच. आपल्याला आधार कार्ड दाखवून उद्यम नोंदणी घरबसल्या मोबाईलवर होते, त्याची किंमत अशा वेळी कळते.

आता धंद्याकडे येऊ. पुष्कळ गिऱ्हाइकांना वाटतं की हे स्वेटर तिबेटच्या लोकरीचे, हाताने विणलेले. तसं नाही बाप्पा. बहुतेक माल लुधियानाचा, मशीनवरचा. तोच माल आपला रेडिमेडवाला भाऊपण लुधियानाहून आणू शकतो, काही जण आणतातही. मग फरक कुठे पडतो?

फरक उधारीत आहे. सीझनच्या आधी हे लोक लुधियानाला जातात, थोडे पैसे देतात आणि बाकी माल उधारीवर उचलतात. तारण काही नाही, कारण ठेवायला काही नाहीच. सीझन संपला की हिशेब चुकता. होजिअरीवाले परदेशी माणसाला लाखांचा माल का देतात? कारण एकाने बुडवलं तर पुढच्या वर्षी सगळ्यांचंच नाव खराब होणार, हे त्यांच्या संघटनेला पक्कं ठाऊक आहे. म्हणून आपल्या माणसावर ते स्वतःच नजर ठेवतात. पत एका माणसाची नाही, पूर्ण समाजाची आहे. बँकेत आपण जे सिबिल म्हणतो, ते यांचं अख्ख्या समाजाचं मिळून एकच आहे असं समजा.

दुसरं म्हणजे भाव. बऱ्याच तिबेटी मार्केटमध्ये एकच भाव चालतो, शेजारच्या स्टॉलवर गेलात तरी पन्नास रुपये कमी होत नाहीत. आपल्याकडे एका लाईनीत चार दुकानं असली की चौघं मिळून एकमेकांची मार्जिन खातात. आणि वेळ बघा. आपल्या जिल्ह्यात कापूस विकला की हातात पैसा येतो, दिवाळीनंतर. नेमक्या त्याच दिवसांत थंडी, नेमक्या त्याच दिवसांत स्टॉल.

पण एक सांगतो, यांची "शून्यातून विश्व" टाईपची स्टोरी बनवू नका. मोटिव्हेशनवाले लगेच बनवतात, मला ते पटत नाही. हा धंदा त्यांनी हौसेने निवडलेला नाही. नोकरीला कागद आडवे येतात, कर्जाला तारण नाही, म्हणून रस्त्यावर उभं राहून चालणारा धंदा पकडला. तीन-चार महिने घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायचं, मुलं वसाहतीत आजी-आजोबांकडे नाहीतर होस्टेलला. थंडी उशिरा आली तर माल अंगावर. २०१६ ची नोटबंदी ८ नोव्हेंबरला झाली, म्हणजे ऐन सीझनला, आणि सगळा धंदा रोखीचा. कोरोनाच्या हिवाळ्यात तर विचारूच नका. आता नवीन पोरं शिकून बंगलोर, दिल्ली गाठतात, जमलं तर परदेश. स्टॉलवर नीट बघा, वयस्कर चेहरेच जास्त दिसतील.

मुंबईच्या इराणी हॉटेलांचंही असंच झालं. इराणहून आलेल्या लोकांनी कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या, चहा-ब्रून मस्का विकला, १९०४ चं कयानी अजून उभं आहे. पण पुढची पिढी गल्ल्यावर बसली नाही, तिथे शटर पडलं.

म्हणून मैदानाची परवानगी बंद करा, या मागणीला माझा पाठिंबा नाही. ते गेले तर ते गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल असं वाटत असेल तर मोबाईल उघडून बघा, स्वेटर कुठे कुठे मिळतात ते. त्यापेक्षा गर्दी तिथे जमते आहे ना, तिचा फायदा घ्या. बॅचमधल्या त्या रेडिमेडवाल्याला मी हेच सांगितलं: मोठ्यांच्या स्वेटरात त्यांच्याशी भिडू नको. शाळेच्या रंगाचे स्वेटर, कानटोप्या, मोजे, तान्ह्या बाळाचे सेट ठेव. आणि बाजूच्या तीन दुकानदारांना गोळा करून लुधियानाची ऑर्डर एकत्र टाक. त्याने पहिलं लगेच लिहून घेतलं. दुसऱ्यावर म्हणाला, "सर, बाजूवाल्याशी माझं बोलणं नाही."