रुपयातले चार आणे

नव्या प्राप्तिकर पद्धतीने मध्यमवर्गाला काय दिले याची चर्चा पुष्कळ झाली. तिने काय काढून घेतले याची मात्र फारशी झाली नाही. 2025-26 या वर्षापासून या पद्धतीत 12 लाख रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर उरला नाही आणि नोकरदारांच्या बाबतीत प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत गेली. ही सवलत स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत नाही. परंतु विम्याचे हप्ते, सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीय बचतपत्रे यांपोटी जुन्या पद्धतीत मिळणारी दीड लाखापर्यंतची वजावट नव्या पद्धतीत नाही. फेब्रुवारी-मार्च उजाडला की नोकरदार माणूस धावपळ करून कोठे ना कोठे काही रक्कम गुंतवीत असे. त्यामागे भविष्याच्या चिंतेपेक्षा कराचा धाकच अधिक होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि धाकाने का होईना, पैसा बाजूला पडत होता. आता तो धाक गेला आणि उत्पन्नापैकी किती भाग राखून ठेवावयाचा, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरी येऊन पडला.

ही जबाबदारी एका रात्रीत आलेली नाही. 1952 साली कामगार भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला तेव्हा कामगाराची वर्गणी सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे नेमका एक आणा होती. मालकानेही तितकीच भर घालावयाची, असा दंडक होता. 1997 मध्ये हा दर बहुतेक आस्थापनांत 12 टक्क्यांवर गेला. म्हाताऱ्या माणसाला पोटाची ददात पडू नये हे पाहणे समाजाचे काम आहे, हा त्या कायद्यामागील विचार होता. पुढे वारा फिरला. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या नव्या नोकरांचे आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्र शासनाच्या नव्या नोकरांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले. केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून आपल्या नोकरांना एकीकृत निवृत्तिवेतनाचा पर्याय देऊन काही पावले मागे घेतली खरी. पण खाजगी नोकरीत असलेल्या बहुसंख्यांना त्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी 1995 ची निवृत्तिवेतन योजना आहे. परंतु 2014 मध्ये ठरलेल्या 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेने हिशेब केला, तर पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतरही हे वेतन महिन्याला आठ हजारांच्या आतच राहते. शहरातील एका बिऱ्हाडाचे वाणसामान आणि वीजबिल यांपलीकडे ते जाणार नाही.

मग राखावे तरी किती? कोणी दहावा हिस्सा सांगतो, कोणी पाचवा. निम्मे गरजांना, तीन दशांश हौसेला आणि पाचवा हिस्सा शिलकीला, असे एक सूत्र अलीकडे परदेशातून आले आहे. ही सूत्रे लक्षात ठेवण्यास सोपी आहेत, एवढाच त्यांचा गुण. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर रुपयांत शोधण्यापेक्षा काळात शोधावे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा राखणारा मनुष्य नऊ हिस्से खर्च करतो. म्हणून एका महिन्याचा खर्च साठविण्यास त्याला नऊ महिने राबावे लागते. पाचवा हिस्सा राखणाऱ्यास चार महिने पुरतात आणि चौथा हिस्सा राखणाऱ्यास तीन. शिल्लक टाकणे म्हणजे पुढील आयुष्यातील महिने आजच विकत घेऊन ठेवणे होय.

हाच हिशेब आयुष्यभराचा मांडून पाहावा. पंचविसाव्या वर्षी नोकरीस लागलेला मनुष्य साठाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याचा पगार व खर्च महागाईइतकेच वाढतात आणि महागाई वजा जाता त्याच्या पैशाला निव्वळ 2 टक्के सुटतात, असे धरू. त्याने दहावा हिस्सा राखला असेल तर निवृत्तीनंतर पूर्वीच्याच राहणीने त्याची सुमारे सहा वर्षे निघतील. पाचवा हिस्सा राखला असेल तर साडेचौदा, आणि चौथा राखला असेल तर वीस. म्हणजे ऐंशीव्या वर्षापर्यंत कोणापुढे हात पसरण्याची वेळ येणार नाही. तोच मनुष्य पस्तिसाव्या वर्षी जागा झाला, तर चौथ्या हिश्शात केवळ बारा वर्षे निघतात. जवळजवळ वीस वर्षांची बेगमी करावयाची तर त्याला तिसरा हिस्सा राखावा लागेल. आरंभीच्या दहा वर्षांच्या दिरंगाईची ही किंमत आहे. म्हणून ज्यांना निवृत्तिवेतनाचा आधार नाही त्यांनी रुपयातले चार आणे राखावेत, असे आम्ही आग्रहपूर्वक सुचवितो. आणा व्यवहारातून 1957 मध्येच गेला, पण मोजमाप म्हणून तो आजही उपयोगी आहे.

यावर कोणी म्हणेल, की घरभाडे किंवा घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी आणि आईवडिलांचे औषधपाणी भागवून चार आणे उरतात कोठे? ज्याच्या पगारात दोन वेळचे जेवण आणि डोक्यावरचे छप्पर एवढेच बसते, त्याला बचतीचा उपदेश करणे हा निर्दयपणा होईल; त्याची चिंता वाहणे हे शासनाचे काम आहे. परंतु प्राप्तिकराच्या सवलतीवर चर्चा करणारा वर्ग हा तो वर्ग नव्हे. शिवाय हे चार आणे पूर्णपणे नव्याने काढावयाचे असतात असेही नाही. मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा असेल आणि वर्गणी त्या सर्वावर भरली जात असेल, तर नोकर व मालक या दोघांचे मिळून एकूण पगाराच्या 12 टक्के, म्हणजे जवळजवळ दोन आणे, कायद्यानेच बाजूला पडतात. उरले दोन आणे. मात्र काही मालक 15,000 रुपयांच्या मर्यादेवरच वर्गणी भरतात. तेव्हा लाख रुपये पगाराच्या माणसाच्या नावे दोन्ही वाटे मिळून महिन्याला अवघे 3,600 रुपये पडतात आणि आपला निधी चालू आहे या समाधानात तो स्वस्थ राहतो. प्रत्येकाने आपली पगारपत्रिका एकदा या दृष्टीने वाचावी. नोकरी बदलताना हा निधी काढून उडविणे हे तर बियाण्याचे धान्य दळून खाण्यासारखे आहे.

वाढत्या पगाराविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. पगार महागाईपेक्षा वेगाने वाढला आणि राहणीही त्याच पायरीने वर गेली, तर तरुणपणीच्या अल्प पगारातील शिल्लक म्हातारपणीच्या मोठ्या खर्चापुढे तोकडी पडते. म्हणून प्रत्येक पगारवाढीचा निम्मा भाग घरात येण्यापूर्वीच बाजूला वळवावा. कोणाच्याही ताटातले काही न काढता चार आण्यांपर्यंत पोहोचण्याचा हाच मार्ग आहे. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण पोटापुरती खरी आहे; पण महिनाअखेर जे उरेल ते राखू म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच उरत नाही.

राखलेला पैसा ठेवावा कोठे, हा दुसरा प्रश्न. येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवावा, नंतर आजारपणाचा व कमावत्या माणसाच्या आयुष्याचा विमा उतरवावा आणि मगच लांबच्या गुंतवणुकीकडे वळावे. सर्व पैसा एकाच ठिकाणी ठेवू नये, हा धडा आपल्याकडे वारंवार गिरवून झाला आहे. 1960 साली केरळातील पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा ठेवविम्याची योजना निघाली; 1962 मध्ये तिचे संरक्षण 1,500 रुपयांपुरते होते, फेब्रुवारी 2020 मध्ये ते 5 लाखांवर गेले. तत्पूर्वी काही महिने, सप्टेंबर 2019 मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना आरंभी केवळ 1,000 रुपये काढता येऊ लागले. ज्यांची सारी पुंजी त्या एकाच बँकेत होती त्यांचे हाल या शहराने पाहिले आहेत. 1964 पासून निर्धोक मानल्या गेलेल्या युनिट ट्रस्टच्या पहिल्या योजनेचेही व्यवहार जुलै 2001 मध्ये थांबले होते. याउलट, पैसा केवळ व्याजावर ठेवणेही पुरेसे नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर जानेवारी 2000 पर्यंत 12 टक्के व्याज मिळे. एप्रिल 2020 मध्ये ते 7.1 टक्क्यांवर आले. म्हणून दीर्घ मुदतीच्या पैशाचा काही भाग निवडक समभागांत किंवा म्युच्युअल फंडांत असावा. मात्र जानेवारी 2008 मध्ये 20,000 च्या वर असलेला मुंबईचा निर्देशांक ऑक्टोबरमध्ये 9,000 च्या खाली गेला होता, याचा विसर पडू देऊ नये. पाच-सात वर्षांत लागणारा पैसा या बाजारात घालणे म्हणजे गुंतवणूक नव्हे, आणि वायद्यांच्या सौद्यांत घालणे तर निव्वळ जुगार होय. सेबीच्या 2024 च्या पाहणीत तीन वर्षांत अशा सौद्यांतील 93 टक्के वैयक्तिक व्यापारी तोट्यात गेल्याचे आढळले.

हा केवळ घरगुती हिशेब नाही. देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत 2020-21 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 11 टक्क्यांहून अधिक होती. 2022-23 मध्ये ती 5 टक्क्यांच्या आसपास उतरली. त्यापैकी पहिले वर्ष साथीचे आणि म्हणून अपवादाचे होते, हे खरे. पण लोक ठेवी ठेवण्यापेक्षा कर्जे काढण्याकडे अधिक वळले, हेही तितकेच खरे आहे. निवृत्तिवेतनाची हमी काढून घेणाऱ्या आणि नव्या करपद्धतीत बचतीचे उत्तेजनही न ठेवणाऱ्या शासनावर यातून एक कर्तव्य येते. 15,000 रुपयांची पगारमर्यादा आजच्या पगारांशी सुसंगत असली पाहिजे, अल्पबचतीच्या व्याजाने महागाईवर मात केली पाहिजे आणि सहकारी बँकांवरील देखरेख ठेवीदार बुडण्यापूर्वी जागी झाली पाहिजे. माणसाला स्वावलंबी व्हा असे सांगावयाचे आणि त्याची पुंजी वाऱ्यावर सोडावयाची, हे न्यायाला धरून नाही.

परंतु शासन जागे होईपर्यंत थांबण्याइतका वेळ कोणापाशीच नाही. पंचविशीतील तरुणाने आज राखलेला रुपया पस्तीस वर्षे काम करील. चाळिशीतील माणसाचा वीसच वर्षे. करात वाचलेली रक्कम नव्या मोटारीच्या हप्त्यात जावयाची की स्वतःच्या उतारवयाच्या स्वातंत्र्यासाठी लागावयाची, याचा निर्णय आता कोणताही कायदा करणार नाही. तो घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून करावयाचा आहे, आणि तो येत्या पगाराच्या दिवशीच अमलात यावा.