चिरंजीवांची शाखा आणि भाईंदरचा डबा

दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळापासून फार दूर नेऊ नये, असा या धंद्यातला जुना संकेत आहे. तेव्हा आपण फराळाच्या डब्यापासूनच सुरुवात करू. चकल्यांचा स्टीलचा डबा रिकामा झाला, की (पहिल्या दोन दिवसांतच होईल, त्याची काळजी नको) फ्रिजच्या दारावरचे ते शोभेचे लोहचुंबक काढा आणि डब्याला लावून पाहा. काही डब्यांच्या तळाला ते मुळीच चिकटणार नाही. पण तेच वर काठाजवळ नेले तर किंचित ओढल्यासारखे होईल. पत्रा एक, डबा एक. मग तळाचा स्वभाव निराळा आणि काठाचा निराळा, हे कसे?

घरात अभियांत्रिकीला जाणारे चिरंजीव किंवा कन्या असतील तर त्यांना विचारा. उत्तर आले तर एक करंजी जास्त द्या. नाही आले तरी रागावू नका. हा प्रश्न परीक्षेला येत नाही आणि जे परीक्षेला येत नाही ते वाचायचे नाही, ही शिस्त त्यांना आपणच दहावीपासून लावली आहे.

उत्तर असे आहे. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची आधी गोल चकती कापतात. ती साच्यावर ठेवून वरून प्रेसच्या ठोशाने आत ओढतात, म्हणजे चकतीचे भांडे होते. या ओढाओढीत तळाला फारसा ताण पडत नाही, काठाला मात्र सर्वांत जास्त पडतो. त्या ताणाने धातूच्या आतली कणांची मांडणी काही ठिकाणी बदलते आणि जे पोलाद चुंबकाला दाद देत नव्हते ते थोडीथोडी देऊ लागते. फार ओढले तर पत्रा ताठर होतो आणि फाटतो. म्हणून उंच भांडे एका दमात होत नाही. टप्प्याटप्प्याने ओढावे लागते आणि मध्ये भट्टीत तापवून पत्र्याचा ताठा उतरवावा लागतो.

हे सगळे कोठे चालते? मुंबईहून विरारकडे जाणाऱ्या लोकलने भाईंदरला उतरा आणि पूर्वेला चालत सुटा. पत्रा कापण्याचा, प्रेसचा आणि पॉलिशच्या चाकांचा आवाज तुम्हाला वाट दाखवील. आपल्या स्वयंपाकघरातले किती डबे आणि किती पातेली इथून आली असतील, याचा हिशेब आपण कधी केलेला नाही.

मीरा-भाईंदर हे गाव मला मोठे बोलके वाटते. आधी इथे खाडीकाठची मिठागरे होती, भातशेती होती आणि उत्तनकडे कोळीवाडे. मग स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आले. मग मुंबईत जागा परवडेना म्हणून माणसे आली आणि इमारती उठल्या. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८ लाखांवर गेली. आजोबा मिठागरावर, वडील प्रेसवर आणि नातू अंधेरीला संगणकापुढे, अशी तीन पिढ्यांत तीन अर्थव्यवस्था पाहिलेली घरे अशा गावात सापडायचीच. मीरा रोडच्या कनकिया भागात २०१० साली श्री एल. आर. तिवारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तेही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. म्हणजे मिठागर, कारखाना, इमारत आणि अभियांत्रिकीचा वर्ग ही चारही एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. आता प्रश्न इतकाच, की ती एकमेकांना ओळखतात का?

‘बदलत्या अर्थव्यवस्थेला अनुरूप अभियांत्रिकी शिक्षण’ हे शब्द हल्ली इतक्या व्यासपीठांवरून ऐकू येतात, की अर्थव्यवस्था परवाच बदलू लागली असे कोणाला वाटावे. पण आपल्याकडचे प्रत्येक मोठे अभियांत्रिकी विद्यालय त्या त्या वेळच्या धंद्यासाठीच जन्माला आले. पुण्याला १८५४ मध्ये जो वर्ग निघाला तो सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठ. मुंबईला १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई संस्था, निघाली, ती गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्वतःचा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला आणि आरंभी त्यात कापडाचे रसायनशास्त्र व रासायनिक अभियांत्रिकी हे दोनच अभ्यासक्रम ठेवले. पवईची आय. आय. टी. १९५८ ची, नव्या औद्योगिक भारतासाठी काढलेली.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण माटुंग्याची संस्था बंद पडली नाही. विश्वेश्वरय्या पुण्याच्या महाविद्यालयातून १८८३ मध्ये बाहेर पडले आणि खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये बसवले. ते दरवाजे कोणाच्या अभ्यासक्रमात असणार? त्यांनी स्वतःच ते शोधून काढले होते. पाण्याचा दाब आणि वजनाचा तोल एवढे मात्र पक्के ठाऊक असावे लागले. तात्पर्य, धंदा पाहून विद्यालय काढावे हे खरे. पण धंदा गेल्यावरही विद्यार्थी उभा राहतो तो मूळ विद्येच्या आणि हाताळलेल्या कामाच्या जोरावर.

आता आजचे पाहू. मुंबई विद्यापीठाने अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम बदलला नाही, अशी तक्रार कोणाला करता येणार नाही. २००७, २०१२, २०१६, २०१९ आणि नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४, असे सतरा वर्षांत पाच अभ्यासक्रम झाले! नव्या आराखड्यात मुख्य शाखेबरोबर दुसऱ्या शाखेचे विषय घेण्याची सोय आहे, इंटर्नशिपला भरपूर श्रेयांक आहेत. कागदावर पाहाल तर दोष काढायला जागा थोडी.

तरीही कारखानदार म्हणतात, की पदवीधराला पुन्हा शिकवावे लागते आणि पदवीधर म्हणतात, की काम मिळत नाही. असे का व्हावे? कारण अभ्यासक्रम पाच वेळा बदलला, पण अभ्यास करण्याची रीत बदलली नाही. २०१६ आणि २०१९ या दोन्ही योजनांत १०० पैकी ८० गुण तीन तासांच्या लेखी परीक्षेला होते. पाठीमागच्या सहा परीक्षांचे प्रश्न काढावेत, तयार उत्तरांचे पुस्तक आणावे, पंधरा दिवस रात्रीचा दिवस करावा आणि केटी लागू नये म्हणून सिद्धिविनायकाला जावे, हा खरा अभ्यासक्रम. तो कोणत्याही समितीने ठरवलेला नाही आणि कोणत्याही समितीला तो बदलता आलेला नाही.

जुन्या मुलांना ‘जीटी मारणे’ हा शब्दप्रयोग आठवत असेल. काचेखाली दिवा ठेवायचा, वर मित्राचे ड्रॉइंग आणि त्यावर आपला कोरा कागद. उजेडात दिसेल ती रेघ गिरवायची. पुढे महाविद्यालयांत संगणक आले, ड्रॉइंग पडद्यावर होऊ लागले. शिक्षण आधुनिक झाले! मग काचेची जागा पेनड्राइव्हने घेतली. आता तर यंत्रच जर्नल लिहून देते. साधन दर पाच वर्षांनी नवे येते, गिरवणे तेवढे कायम राहते.

दुसरा प्रकार शाखांच्या नावांचा. वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी दिली आणि मध्यमवर्गीयांच्या मुलांना गावोगाव दारे उघडली, हे उपकार विसरू नयेत. पण फीवर चालणाऱ्या संस्थेला जागा भराव्या लागतात आणि जागा नावावर भरतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या चालणाऱ्या संस्थांवरची जागांची कमाल मर्यादाही उठवली. तेव्हापासून संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या पाट्यांखाली जागा वाढल्या आणि स्थापत्य व यंत्र या शाखांना पालक ‘मिळालीच तर घेऊ’ म्हणू लागले. बिचाऱ्या पालकांचा तरी काय दोष? कर्ज काढून चार वर्षे फी भरायची, तर आज ज्याला भाव आहे तेच घेणार. फक्त विसरतो ते इतकेच, की मुलगा आजच्या नव्हे, चार वर्षांनंतरच्या बाजारात उभा राहणार आहे. संगणकाच्या धंद्यातली भरती कधी जोरात असते, कधी एकाएकी थांबते, हे आता ठाण्या-डोंबिवलीच्या घराघरांत ठाऊक आहे.

मग आधुनिक करायचे म्हणजे करायचे काय? माझे म्हणणे साधे आहे. विषयांची नावे बदलण्यापेक्षा प्रश्न बदलावेत, आणि ते प्रश्न गावातून आणावेत.

पुन्हा भाईंदरला या. निकेल महाग म्हणून काही भांडी निकेल कमी आणि मँगॅनीज जास्त असलेल्या पोलादाची करतात. अशा पोलादाचा खोल ओढलेला डबा रात्री धडधाकट ठेवावा आणि सकाळी, कधी काही दिवसांनी, तो आपोआप उभा चिरलेला सापडावा, असे घडते. हात कोणी लावलेला नसतो. ओढताना आत कोंडून राहिलेला ताण, बदललेली धातूची मांडणी आणि तिच्यात शिरलेला हायड्रोजन यांचा तो उद्योग. यंत्र शाखेच्या मुलाला याहून चांगला प्रश्न कोणता?

किंवा पॉवर प्रेस घ्या. देशभर अशा प्रेसवर कामगारांची बोटे जातात. दोन्ही हातांनी दोन दूरदूरची बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अथवा मध्ये हात असेल तर किरणांच्या पडद्याने ती तिथल्या तिथे थांबावी, ही योजना जगात जुनी आहे. लहान कारखान्यातल्या जुन्या प्रेसला ती स्वस्तात आणि काम न रेंगाळता कशी बसवावी, हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र आणि संगणक अशा तिन्ही शाखांच्या मुलांनी एकत्र बसून सोडवण्याचा आहे. सुटला तर प्रमाणपत्र मिळेलच. शिवाय कोणाचा तरी हात वाचेल.

स्थापत्याच्या मुलांना तर गाव म्हणजे उघडे पुस्तक आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते आणि मीरा-भाईंदरमधल्या पुष्कळ इमारती आता त्या वयाच्या झाल्या आहेत. खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. भरती आणि पाऊस एका वेळी आले की नाल्याचे पाणी कोठे जावे? हे सगळे ज्याच्या घरात घडते त्या मुलाने चेरापुंजीच्या पावसाचे उदाहरण कशाला सोडवावे?

हे स्वप्नरंजन नव्हे. माटुंग्याच्या त्या १९३३ च्या विभागाने हेच केले. प्राध्यापक कारखान्यांना सल्ला देत, कारखान्यातले प्रश्न प्रयोगशाळेत येत. त्यातूनच केकी घरडांसारखे, तिथे शिकलेले आणि शिकवलेले, लोक स्वतःचे कारखाने काढते झाले. तोच विभाग २००८ मध्ये स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला. तेव्हा विद्यापीठाला हे जमत नाही असे म्हणण्याची सोय नाही. विद्यापीठाने हे एकदा करून दाखवले आहे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, लहान कारखानदार मुलांना आत घेत नाही. बरोबर आहे, त्याला मालाची घाई, वर अपघाताची भीती. पण चाळीस मुलांची सहल आणि दोन मुले व एक शिक्षक यांची सहा महिन्यांची ये-जा, यांत फरक आहे. दुसरा, शिक्षकांनाच कारखाना ठाऊक नसतो. हेही खरे, आणि दोष त्यांचा नव्हे. कमी पगारावर, कंत्राटी नेमणुकीवर, प्रवेशाच्या जाहिरातीपासून निकालाच्या तक्त्यापर्यंत सगळी कामे करणाऱ्या शिक्षकाला कारखान्यात जायला वेळ कोण देणार? उन्हाळ्यातले दोन महिने त्याला पगारी कारखान्यात पाठवा. नव्या यंत्राच्या किमतीपेक्षा हे स्वस्त पडेल. नाहीतर इंटर्नशिपचे श्रेयांकही ओळखीच्या माणसाच्या सहीने मिळतील आणि सहावा अभ्यासक्रम आणावा लागेल.

पालकांना समितीवर कोणी घेत नाही. पण प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्या शब्दाला वजन असते. तेव्हा महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा वातानुकूलित स्वागतकक्षात पेढा खाऊन परतू नका. तीन गोष्टी विचारा. कार्यशाळेतली किती यंत्रे मुलांच्या हाताला लागतात आणि किती कापडाखाली झाकलेली आहेत? इथल्या शिक्षकांपैकी कारखान्यात किंवा बांधकामावर काम केलेले किती? आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेला एक प्रकल्प चालवून दाखवाल का, आणि तो करताना काय फसले तेही सांगाल का? तिसऱ्या प्रश्नाला ज्या महाविद्यालयात मोकळेपणी उत्तर मिळेल तिथे मुलाला खुशाल घाला, शाखा कोणतीही असो.

आणि या अंकाच्या वाचकांत भाईंदरचे एखादे कारखानदार असतील, तर त्यांना एक विनंती. सुटी संपली, की एक चिरलेला डबा पिशवीत घालून जवळच्या महाविद्यालयात जा, धातुशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांपुढे तो ठेवा आणि म्हणा, “साहेब, हा का फाटला ते तुमच्या मुलांना विचारा. मी पुढल्या महिन्यात पुन्हा येतो.”