केळीचा मुनवा आणि पेशींचें विभाजन

शास्त्राच्या तासाला पेशीविभाजनाचा धडा आला कीं अवस्थांचीं नांवें घोकावयाचीं, आकृति काढावयाची आणि परीक्षा संपतांच सारें विसरून जावयाचें, अशी आपणां बहुतेकांची रीत आहे. वस्तुतः हा धडा पुस्तकापेक्षां गासच्या वाड्यांत अधिक स्पष्ट लिहिलेला आहे, आणि तो न वाचल्यास नुकसान आपलेंच आहे, असें माझें मत आहे.

प्रथम वाढीचा विचार करूं. मनुष्याच्या पेशींत 46 गुणसूत्रें असतात. पेशी दुभंगण्यापूर्वीं प्रत्येक सूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते व दोन्ही नव्या पेशींना पुरा संच मिळतो. यास सूत्री विभाजन म्हणतात. बाळाचें अंग भरतें, खरचटलेला गुडघा बरा होतो, तो याच मार्गानें. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनीं 1882 सालीं याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें.

प्रजोत्पादनाची गोष्ट निराळी. तेथेंही आईबापांनीं पुरा संच दिला तर मुलाच्या पेशींत 92 सूत्रें होतील आणि नातवाच्या पेशींत 184! म्हणून बीजपेशी तयार होतांना 46 चीं 23 होतात. हें अर्धसूत्री विभाजन होय. या वेळीं जोडींतील कोणतें सूत्र कोणत्या पेशींत जाईल याचा नेम नसतो. त्यामुळें एकट्या मातेकडून किंवा एकट्या पित्याकडून 83,88,608 निरनिराळे संच संभवतात. एकाच घरचीं भावंडें एकसारखीं कां नसतात, याचें उत्तर येथें मिळतें. ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरु ग्रेगॉर मेंडेल यांनीं मठाच्या बागेंत वाटाणे लावून आनुवंशिकतेचे नियम शोधले व 1866 सालीं प्रसिद्ध केले; त्यांचें मर्म पुढें याच विभाजनांत सांपडलें.

आतां केळीकडे वळूं. रानकेळ्यांत टणक बिया ठासून भरलेल्या असतात. त्या झाडांच्या पेशींत अकरा-अकरांचे दोन संच, म्हणजे 22 सूत्रें असतात. आपल्या राजेळीच्या पेशींत मात्र तीन संच, म्हणजे 33 सूत्रें आहेत. जोड्या लावतांना एक संच उरतो, विभाजन विसकटतें आणि बीज धरत नाहीं. केळ्यांत दिसणारे काळे ठिपके म्हणजे वाढ खुंटलेलीं बीजांडेंच होत. म्हणून केळ लावावयाची ती मुनव्यानें, आणि मुनवा वाढतो तो केवळ सूत्री विभाजनानें. वसईच्या सुकेळ्यांची गोडी पिढ्यानुपिढ्या टिकली ती या इमानी नकलेमुळें.

परंतु धोकाही त्यांतच आहे. सारीं झाडें एकाच वाणाचीं. एकास जो रोग ग्रासतो तो सर्वांस ग्रासूं शकतो. मध्य अमेरिकेंत ग्रो मिशेल या एकाच जातीचे मळेच्या मळे उभे होते. जमिनींतील बुरशीमुळें होणाऱ्या पनामा रोगानें 1960 च्या सुमारास तिचा निर्यातव्यापार संपुष्टांत आणला. तिच्या जागीं कॅव्हेंडिश जात आली; आज त्याच रोगाचा नवा प्रकार तिच्यावर चालून आला असून तो बिहारांतही आढळला आहे.

एकच जात लावली म्हणजे मशागत सोपी होते व विक्रीही सुलभ होते, असें कोणी म्हणेल. तें खरेंही आहे. परंतु तो हिशेब एका हंगामाचा झाला. वाडी पुढील पिढीच्या हातीं द्यावयाची तर हिशेबही पिढीचाच हवा. म्हणून वडील मंडळींस माझी विनंती आहे कीं, अधिक भाव देणारी जात अवश्य लावा, पण चार जुन्या जातींचे मुनवे वाडींतून नाहींसे होऊं देऊं नका. एकदां गेलेली राजेळी बीं पेरून परत आणतां येणार नाहीं.

आणि मित्रहो, तुम्ही कांद्याच्या मुळाचें टोक सूक्ष्मदर्शकाखालीं धरून दुभंगणाऱ्या पेशी स्वतः पाहा. घरीं केळें आडवें चिरून ते काळे ठिपकेही न्याहाळा. वाढीसाठीं सारखेपणा आणि वंशासाठीं वैचित्र्य, अशी सृष्टिकर्त्याची ही दुहेरी योजना आहे. ती ज्याला समजली त्यानेंच हा धडा खऱ्या अर्थानें पाठ केला.