विजेआधी उघडलेले शटर

गेल्या वैशाखातली गोष्ट. दुकान वाढवून घरी पोहोचलो, तोच पश्चिमेकडून वळिवाचे ढग चढून आले. पुतण्या नवा कॅमेरा आणि लोखंडी तिपाई घेऊन गच्चीकडे निघाला होता. “काका, आज वीज टिपतोच!” त्याला जिन्यातच थांबवले. तो हिरमुसला, पण त्याच रात्री त्याला हवे ते छायाचित्र मिळाले, तेही घरात बसून.

वीज दिसल्यावर कळ दाबणे, ही नवशिक्याची पहिली चूक. विजेचा लखलखाट बहुधा अर्ध्या सेकंदाच्या आतच विझतो. बोट हलेपर्यंत आकाश पुन्हा काळे झालेले असते. व्यापाऱ्याला हे निराळे सांगायला नको. गिऱ्हाईक दारात आल्यावर आपण दुकानाचे शटर उघडत नाही. आधी उघडतो आणि वाट पाहतो. कॅमेऱ्याच्या शटरचेही तसेच आहे.

रात्री कॅमेरा तिपाईवर स्थिर करावा. सर्व नियंत्रणे मॅन्युअलवर ठेवून दूरच्या एखाद्या दिव्यावर फोकस साधावा व तो हलू देऊ नये. आयएसओ १०० ते २००, अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास आणि शटर १० ते २० सेकंद उघडे ठेवून एकामागून एक छायाचित्रे घेत राहावे. यातले मर्म असे की, शटर अधिक वेळ उघडे ठेवल्याने वीज अधिक उजळ होत नाही. तिचा उजळपणा अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरतो. वेळेने उजळते ते भोवतालचे शहर. वीज पांढरीफटक उमटली तर अ‍ॅपर्चर लहान करावे. आकाश उजळ दिसले तर वेळ घटवावी.

१८८२ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचे छायाचित्र टिपले. तोवर चित्रकार वीज कोनाकोनांत दुमडलेल्या रेषेसारखी रंगवीत. काचेवर उमटलेली वीज मात्र उपनद्यांनी भरलेल्या नदीसारखी निघाली. डोळ्याला न दिसलेले सत्य उघड्या शटरने दाखवले.

परंतु हा छंद जिवाहून मोठा नाही. लखलखाट आणि गडगडाट यांत दर तीन सेकंदांना वीज सुमारे एक किलोमीटर दूर, असा हिशेब आहे. तथापि गडगडाट कानी आला की धोका आलाच, असे समजून गच्ची, अंगण, झाड सोडून पक्क्या घरात यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप परिसरातील विजांची सूचना देते. तेही हाताशी असावे.

पुतण्याने तसेच केले. वादळ दूर असतानाच बंद खिडकीची काच पुसली, खोलीतले दिवे मालवले, कॅमेरा काचेजवळ मांडला, चार्जर काढून ठेवला आणि आपोआप छायाचित्रे घेण्याची सोय सुरू करून तो खिडकीपासून दूर येऊन बसला. रात्री पाहिले तर बहुतेक चौकटी रिकाम्या होत्या. एकीत मात्र समोरच्या टेकडीवर अवघे आकाश फांद्यांनी भरले होते.

ते छायाचित्र आता दुकानात गल्ल्यामागे लावले आहे. गिऱ्हाईक विचारतात, “कुठून काढले?” पुतण्या सांगतो, “घरातून.”