खोली किरायाने पाहिजे

हिंगणीला बदली झाली तेव्हा खात्यातल्या जुन्या-जाणत्यांनी चहा पाजला आणि एकच सल्ला दिला : "खोली कायले पाहतोस? कागद करून घे." कागद म्हणजे मी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहतो, असं सांगणारा कागद. सांगणारे गृहस्थ आयुष्यभर नागपूरहून ये-जा करत आले आणि कागदावर तीन तालुक्यांतल्या पाच गावांत सहकुटुंब नांदले. त्यातल्या एकाही गावात त्यांनी रात्रीचा डास मारलेला नाही.

मला मात्र खुमखुमी होती. म्हटलं, खरंच राहू. वर्धा लांब नाही, पण रोज फटफटीवर कंबर मोडून घेण्यापेक्षा गावातली खोली बरी. सरकारचंही तेच म्हणणं. सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाने फर्मावलं की शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवकांनी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आणावा, तरच घरभाडे भत्ता. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी गावात न राहणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न विधानसभेत काढला, तर शिक्षक त्यांच्यावर तुटून पडले. दोन्हीकडून धुरळा उडाला. पण एवढ्या कर्मचाऱ्यांनी गावात राहायचं ठरवलंच, तर राहायचं कुठे, हे फारसं कोणी विचारलं नाही. सरकारने राहण्याचा पुरावा मागितला, राहायला खोली बांधली नाही. मग माणसं पुराव्याच्या मागे लागली. जिथे राहणं परवडत नाही, तिथे पुरावा परवडतो.

मी पाच रविवार फिरलो. हिंगणी सेलू तालुक्यातलं, बोरच्या जंगलाच्या वाटेवरचं गाव. इथे किरायाने द्यायला म्हणून घर बांधणारा विरळा. मुलगा पुण्याला गेला म्हणून रिकामी पडलेली मागची खोली, कापसाचे गंज हलवून मोकळी केलेली वसरी, हाच काय तो बाजार. दार उघडलं की पहिला प्रश्न "आडनाव काय?" आडनावावरून अंदाज लागला नाही तर "मूळ गाव कोणतं?" तिथेही गाडी अडली तर मोठ्या प्रेमाने "जेवणात काय काय चालते साहेब?" मी एका माउलीला म्हटलं, "सगळं चालते, रविवारी जरा जास्त." खोली त्याच क्षणी पुतण्यासाठी राखीव निघाली.

याला खेड्यातला मागासपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही. शहरातल्या सोसायट्या हाच प्रश्न इंग्रजीत विचारतात. १९१७ साली बडोदा संस्थानाने परदेशात शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना नोकरी दिली, छप्पर दिलं नाही. पारशी नाव सांगून ते पारशांच्या सराईत उतरले, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. पद आहे, ऑर्डर आहे, टेबल आहे, आणि पाठ टेकायला जागा नाही. बडोद्याचं संस्थान गेलं, पण हुकूम काढून हात झटकण्याची त्याची सवय आपल्या कचेऱ्यांनी जपून ठेवली आहे.

अखेर तीन खोल्या दाखवायला लोक तयार झाले. पहिली दाखवली संध्याकाळी सहाला, खिडकीतून मस्त वारा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला न सांगता गेलो. वर टिन, खाली शहाबादी फरशी, भिंतीला तळहात लावला तर तव्यावर ठेवल्यासारखा उचलावा लागला. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यात सायंकाळी घर दाखवणारा मालक म्हणजे नवरीचा काणा डोळा पदराआड झाकणारा मध्यस्थ. कुलर ठेवायला खिडकीबाहेर जागा नाही, आणि असती तरी त्यात ओतायला पाणी नाही. नळ कधी येतो, हे मालकाला विचारायचं नसतं, शेजारणीला विचारायचं. तिने सांगितलं तेव्हा मालक माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहत होता.

दुसऱ्या खोलीत एकाच कोपऱ्यात ताजा चुना. पावसाळ्यात तिथे काय होतं ते चुनाच सांगत होता. तिसरी बरी होती, पण वीज मालकाच्या मीटरवरून, युनिटचा दर त्याच्या मनावर. शिवाय तो म्हणाला, "महिन्याले अडीच हजार देता तुम्ही. वाघ पाहायले येनारे एका रातीचे हजार देतेत."

वाघाचं खरंच बरं आहे. २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हाच त्याच्या नावावर सुमारे १३८ चौरस किलोमीटर लागले. त्याला आडनाव विचारत नाहीत, त्याच्या जेवणावर आक्षेप नाही, आणि मुख्यालयी वास्तव्याचा दाखला त्याला झाडाला बांधलेला कॅमेरा देतो.

चौथी खोली मिळाली. मी करार करू म्हटलं तर मालक दचकला. त्याच्या मते अकरा महिन्यांचा कागद शंभराच्या स्टॅम्पवर लिहिला की झालं. हा गैरसमज वकिलांच्या टपऱ्यांनी पोसला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ जिथे लागू आहे, तिथे त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणी ही मालकाची जबाबदारी, आणि चुकारपणाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये, मुद्रांक एकूण किरायाच्या ०.२५ टक्के. अडीच हजारांच्या खोलीला मुद्रांकाचा खर्च शंभराच्या घरात. एवढ्यासाठी आपण वर्षानुवर्षं तोंडी राहतो आणि मग डिपॉझिट बुडालं म्हणून बोंबलतो. मालक म्हणाला, "करार कायले साहेब, माणुसकी आहे ना." मी म्हटलं, "माणुसकीची पण नोंदणी करून टाकू." नाइलाजाने आला.

आता चार महिने झाले. टिनावर पहाटे माकडं नाचतात, संडास गोठ्यापलीकडे आहे, पण मी राहतो. मागच्या आठवड्यात त्याच जुन्या-जाणत्यांपैकी एकाचा फोन आला. दोन महिन्यांनी त्याचीही इकडेच बदली होणार म्हणे. "तुझा मालक चांगला दिसते. त्याच खोलीची माझ्या नावानं एक पावती मिळेल काय, विचारजो."

मी चिडून ही गोष्ट मालकाच्या कानावर घातली. वाटलं, माणुसकीवाला माणूस आहे, संतापेल. त्याने विडी विझवली, घरातून पावतीपुस्तक आणलं आणि विचारलं, "एकच पाहिजे, का आनखी कोनी हायेत?"