छोटा टॅब्लेट आणि आपले विद्यार्थी

वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक छोटा टॅब्लेट द्यावा, अशी सूचना समाजातील नोकरदार व दानशूर मंडळींकडून अलीकडे वारंवार होते. या सूचनेमागील तळमळ निखळ आहे. ज्यांनी दुसऱ्यांच्या जुन्या पुस्तकांवर शिक्षण पूर्ण केले, त्यांना पुढच्या पिढीच्या हाती नवे साधन असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, ऐकीव बोलांवर वा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हीच कालामांना तथागतांची शिकवण होती. जो निकष धर्मवचनांना लागू, तो जाहिरातीलाही लागू झाला पाहिजे. म्हणून या साधनाचे गुणदोष आम्ही येथे मांडू इच्छितो.

या बाबतीत इतिहासाचा दाखला फार जुना नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा ‘आकाश’ टॅब्लेट देशासमोर ठेवला. किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये, पडदा सात इंची, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा आणि रॅम अवघी २५६ एमबी. पडदा बोटाने दाबल्याखेरीज काम करीत नसे आणि यंत्राची गतीही मंद होती. पुढे ११ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘आकाश २’ आला. आयआयटी मुंबईचा सहभाग लाभलेली ही आवृत्ती पहिलीपेक्षा बरीच सरस होती. तरीही घरोघरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याचे ते स्वप्न विरून गेले. येथे आधी किंमत ठरली आणि त्या किमतीत जे बसेल ते विद्यार्थ्यांसाठी पुरेसे मानले गेले, हा त्यातील मूळ दोष होता असे आमचे मत आहे. गरिबाच्या मुलाला एवढे चालेल, ही वृत्ती आपल्या समाजाच्या चांगल्या परिचयाची आहे.

आजची स्थिती निराळी आहे, हे मान्य केले पाहिजे. उदाहरणादाखल २०२३ साली भारतात आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ घेऊ. ८.७ इंची पडदा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ५१०० एमएएच बॅटरी आणि सुमारे एक तृतीयांश किलो वजन. बाजारात आला तेव्हा त्याच्या वाय-फाय नमुन्याची किंमत १२,९९९ रुपये होती. वाचणे, ऐकणे व चित्रफीत पाहणे ही कामे असे यंत्र विनातक्रार करते.

त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ग्रंथसंग्रह. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे जाडजूड इंग्रजी खंड आज विनामूल्य उतरवून घेता येतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पालि तिपिटक देवनागरीत संगणकावर आणले आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके, शब्दकोश आणि मराठी विकिपीडिया हे सारेही त्यात मावते आणि एकदा भरून ठेवले की वाचण्यासाठी इंटरनेट लागत नाही. ज्या गावात वाचनालय नाही, तेथून आलेल्या मुलासाठी ही गोष्ट लहान नव्हे. विजेचा खर्चही नगण्य आहे. असे शंभर टॅब्लेट पूर्ण रिकामे झाले तरी ते भरण्यास दोन-अडीच युनिटच वीज लागेल. शिवाय ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला दूर जातात, त्या मुलांना आठवड्यातून एकदा आईचा चेहरा दिसू शकेल. केवळ या एका कारणासाठीही काही टॅब्लेट वसतिगृहात असावेत, असे आम्हांस वाटते.

आता उणिवा पाहू. पहिली उणीव पडद्याच्या आकारातच आहे. ८.७ इंच हे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असते. उभ्या धरलेल्या पडद्याची रुंदी जेमतेम सव्वाअकरा सेंटिमीटर भरते. एकवीस सेंटिमीटर रुंदीचे ए-फोर पान त्यात बसविले की प्रत्येक अक्षर जवळपास निम्मे होते. देवनागरीत तर काना, मात्रा, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांवर अर्थ अवलंबून असतो. पान मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि नकाशा वा भूमितीची आकृती तुकड्यातुकड्यांत पाहावी लागते. कथा वाचण्यास हे साधन बरे, परंतु रोज चार तास पाठ्यपुस्तक वाचण्यास ते योग्य नाही.

दुसरी उणीव टिकाऊपणाची. काही शे वेळा चार्ज झाल्यावर बॅटरीची क्षमता घटू लागते आणि ती बदलणे हे घरच्या घरी होणारे काम नव्हे. पडदा फुटला तर दुरुस्तीपेक्षा नवे घेणे परवडावे, इतका खर्च येऊ शकतो. देणगी एकदाच मिळते, दुरुस्तीचा खर्च मात्र दर वर्षी संस्थेवर पडतो.

तिसरी उणीव आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. छोटा टॅब्लेट हे प्रामुख्याने ग्रहण करण्याचे साधन आहे, लिहिण्याचे नव्हे. काचेवर बोटाने टिचक्या मारून दोन ओळींचा निरोप लिहिता येतो, पण दोन पानांचा निबंध लिहिताना विचारांची लय तुटते. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवले, त्याने केवळ इतरांनी तयार केलेले पाहात व ऐकत राहावे काय? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, ते आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडण्यासाठी. आमच्या विद्यार्थ्यांनी उत्तम वाचक तर व्हावेच, पण लेखकही व्हावे. त्यासाठी वही-पेन हवे, पुढे कळफलक असलेला संगणक हवा आणि लिहिलेले तपासून त्यावर लाल शाईने चार शब्द लिहिणारा शिक्षक हवा.

शंभर विद्यार्थ्यांचे वसतिगृह धरले तर वरील दराने प्रत्येकास एक याप्रमाणे सुमारे तेरा लाख रुपये लागतील. त्याऐवजी वीस टॅब्लेट घेऊन ग्रंथालयात ठेवले तर दोन लाख साठ हजारांत भागेल. ते वेळापत्रकानुसार द्यावेत, रात्री परत जमा करावेत आणि त्यांत काय भरायचे ते शिक्षकांनी ठरवावे. म्हणजे वसतिगृहात ‘माझा’ आणि ‘तुझा’ हा कलह उरणार नाही, झोपेच्या वेळी पांघरुणाखाली खेळही चालणार नाहीत. उरलेल्या दहा लाख चाळीस हजारांतून छापील ग्रंथ, कळफलकाचे संगणक, दुरुस्तीचा राखीव निधी आणि ग्रंथपालाचे काही काळाचे मानधन यांची सोय करता येईल.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. राहण्यास जागा, दोन वेळचे अन्न आणि अभ्यासास निवांत वेळ, एवढे मिळाले तर आपली मुले शिकतील, हा विश्वास त्यामागे होता. शंभर वर्षांनंतरही शिक्षणाचा पाया तोच आहे. त्या पायावर टॅब्लेटला अवश्य स्थान द्यावे, परंतु तो शिक्षकाच्या, पुस्तकाच्या वा वहीच्या जागी बसणार असेल तर त्यास विनयाने नकार देण्याचे धैर्यही आपण दाखविले पाहिजे. दात्यांना आमची एवढीच विनंती आहे की, देण्यापूर्वी आपण स्वतः त्या छोट्या पडद्यावर दहावीच्या इतिहासाचा एक पाठ अथपासून इतिपर्यंत वाचून पाहावा आणि मगच देणगीचा निर्णय करावा.